सूचना : परदेशातून येणाऱ्या प्रचारनिधीबाबत

सर्व सभासदांस,

दुबई-कतारला असलेली आपली मुलं आवडत्या उमेदवारासाठी पैसे पाठवू का, असं विचारतात. म्हणून हे एकदाच सांगतो.

परदेशी देणगी नियमन कायदा, २०१० च्या कलम ३ प्रमाणे उमेदवार आणि राजकीय पक्ष यांना परकीय देणगी घेता येत नाही. पण गल्फमध्ये राबणारा आपल्या बेळगावकडच्या खानापूरचा मुलगा भारताचा नागरिक आहे. त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय ठरत नाहीत. गोव्याकडच्या ज्या पाहुण्यांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलंय, त्यांचे मात्र ठरतात, मग खिशात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असो वा नसो. रक्ताचं नातं इथे चालत नाही, पासपोर्ट बघतात.

पैसे न देता नुसता प्रचार केला, तरी हाच मुद्दा येतो. २०१९ मध्ये बांगलादेशी अभिनेते फिरदौस अहमद पश्चिम बंगालमध्ये प्रचारात दिसले, आणि व्हिसा रद्द होऊन त्यांना देश सोडावा लागला.

प्रचाराला महाराष्ट्रातून येणारे कोल्हापूर-चंदगडचे कार्यकर्ते काही परदेशी नव्हेत (कुणी कितीही म्हणो!). मात्र मतदान संपण्याआधीचे ४८ तास सुरू झाले की, इथे मतदार नसलेल्या बाहेरच्या कार्यकर्त्यांनी मतदारसंघ सोडायचा असतो. जेवणाचं आमंत्रण त्या हिशोबाने द्या.

मंडळाच्या खात्यावर कुठल्याही उमेदवारासाठी, कुठूनही, एक रुपयाही घेतला जाणार नाही. मागच्या खेपेला गणपतीच्या वर्गणीत अशी एक रक्कम आली होती. ती परत करताना खजिनदारांना बँकेत चार खेटे घालावे लागले.

– सचिव