फोटो काढणाऱ्यांचं दालन

मु. हो ची मिन्ह सिटी

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

हानोई, हालाँग बे, होई आन सगळं छान झालं. उद्या रात्रीचं विमान. प्रवासवर्णन घरी आल्यावर ऐकवीनच, पण आज सकाळी इथलं व्हिएतनाम युद्धाचं संग्रहालय, वॉर रेम्नंट्स म्युझियम, पाहिलं आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतोय. वर्तमानपत्रासाठी फोटो काढणारा माझा मित्र तू एकटाच.

आवारात अमेरिकी रणगाडे, विमानं, ह्यूई हेलिकॉप्टर मांडून ठेवलंय. पोरं त्यावर हात ठेवून फोटो काढून घेत होती. मी तिथे फार थांबलो नाही. वर ‘रेक्विएम’ नावाचं दालन आहे, तिथे मात्र पाय निघेना. इंडोचायनातल्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) युद्धांत मारल्या गेलेल्या फोटोग्राफरांनी काढलेले फोटो आहेत ते, दोन्ही बाजूंचे. हॉर्स्ट फास आणि टिम पेज यांनी जमवलेले, आणि ते दोघंही त्याच युद्धात कॅमेरा घेऊन फिरलेले, जखमी झालेले. रॉबर्ट कापा १९५४ मध्ये सुरुंगावर पाय पडून गेला. लॅरी बरोज आणि त्याचे तीन सोबती फेब्रुवारी १९७१ मध्ये लाओसवर एकाच हेलिकॉप्टरमध्ये गेले. पोरांना कवटाळून गळ्याएवढ्या पाण्यातून नदी पार करणाऱ्या बायकांचा सावादाचा फोटो तू मला एकदा दाखवला होतास, आठवतं? त्या फोटोला पुलित्झर मिळालं आणि १९७० मध्ये सावादा कंबोडियात मारला गेला. या सगळ्यांच्या शेजारी उत्तर व्हिएतनामी फोटोग्राफर. त्यांच्याकडे फिल्मचा तुटवडा, जंगलातच रात्री डेव्हलप करायची, ओढ्याच्या पाण्यात धुवायची. एकमेकांच्या शत्रूकडून हिंडलेली ही माणसं आज एकाच खोलीत आहेत.

पण ज्याबद्दल लिहायला बसलो तो फोटो वेगळा आहे. मी लाय नावाचं इथलं गाव, १६ मार्च १९६८. अमेरिकी सैनिकांनी एका सकाळीत गावातली ५०४ माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. रॉन हेबर्ली हा सैन्याचाच फोटोग्राफर त्या तुकडीबरोबर होता. सरकारी कॅमेऱ्यातली कृष्णधवल फिल्म त्याने जमा केली. स्वतःच्या कॅमेऱ्यातली रंगीत फिल्म मात्र जवळ ठेवली. पुढच्या वर्षी ती छापून आली तेव्हा जगाला पुरावा दिसला. त्यातल्या एका फोटोत बायका-मुलांचा घोळका आहे. पुढची म्हातारी रडतेय, एक लहान मुलगी तिच्यामागे दडलीय. उजवीकडे कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई मान खाली घालून पोलक्याची गुंडी लावतेय. सगळा आकांत चाललेला आणि ती गुंडी लावतेय, कारण थोड्या वेळापूर्वी सैनिकांनी तिच्या अंगाला हात घातला होता. हेबर्लीने फोटो घेतला, वळला आणि पाठीमागे गोळ्यांचा आवाज झाला.

अव्या, मी त्या गुंडीपाशी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. याच हेबर्लीने सैनिक प्रत्यक्ष गोळ्या घालताहेत असे काही फोटो नष्ट केले, हे त्याने पुढे चाळीसेक वर्षांनी कबूल केलं. म्हणजे त्याच्यामुळेच जगाला कळलं, आणि त्याच्यामुळेच काही गोष्टी कायमच्या गेल्या. त्याच सकाळी ह्यू थॉम्प्सन नावाच्या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं आणि काही जणांना वाचवलं. तिथे असं करणारा माणूसही होता.

एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाच्या दालनाबद्दल फार लिहवत नाही. १९६१ ते ७१ या काळात अमेरिकेने सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. त्यातल्या डायॉक्सिन या विषाचे भोग नंतर जन्मलेली मुलंही भोगताहेत. भिंतीसुद्धा नारिंगी रंगवल्यात.

एक खटकलं, तेही सांगतो. हे म्युझियम १९७५ मध्ये, सायगाव (म्हणजे हेच शहर) पडल्यावर काही महिन्यांतच, जिंकलेल्या कम्युनिस्टांनी उघडलं. १९६८ मध्ये ह्वे शहरात कम्युनिस्टांनी मारलेले नागरिक, युद्धानंतर हरलेल्या बाजूच्या लोकांना डांबलेल्या छावण्या, होड्यांतून देश सोडून गेलेली लाखो माणसं, यांतलं मला काही दिसलं नाही. त्याने मी लाय खोटं ठरत नाही. पण त्या माणसांनाही इथे एक भिंत मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

परवा पोचतोय. रविवारची सकाळ माझ्यासाठी मोकळी ठेव. हेबर्लीच्या जागी कॅमेरा तुझ्या हातात असता तर तू काय केलं असतंस, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
मिल्या