वीस गुंठ्यांचा इसार घेऊ नका

डेली सिटी, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वाईजवळचे ते वीस गुंठे विकायचे ठरते आहे, गिऱ्हाईक आले आहे आणि इसार घ्यायचा तेवढा बाकी आहे, असे बाबांनी परवा फोनवर सांगितले, तेव्हा मला काहीच बोलता आले नाही. लेकीचे परमुलखात स्वतःचे घर व्हावे, ही तुमची इच्छा मला कळते. तरीही इसार घेऊ नका, अशी हात जोडून विनंती आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही. आईचा आवाज भरून येतो आणि मग माझाही. म्हणून सगळे लिहूनच कळवते.

आधी हिशेब सांगते, कारण बाबांना हिशेबावाचून काही पटत नाही. आमच्या सॅन माटेओ काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, साध्या, तीन खोल्यांच्या बैठ्या घराची किंमत वीस लाख डॉलरच्या आसपास जाते. कर्ज काढायचे तर पाचवा हिस्सा, म्हणजे चार लाख डॉलर, सहसा आधी स्वतःचे घालावे लागतात. उरलेल्या सोळा लाखांचा हप्ता आजच्या व्याजदराने दरमहा दहा हजार डॉलरच्या घरात येतो आणि घराचा कर त्याहून वेगळा. जमीन विकून आलेले पैसे फार तर पहिल्या पायरीपाशी पुरतील. पुढची तीस वर्षे तो हप्ता आम्हा दोघांच्या पगारातून निघणार नाही. 2018 मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने या भागात चार माणसांच्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 1,17,400 डॉलरपर्यंत असले तरी ते अल्प उत्पन्न धरले होते. त्यावरून इथल्या महागाईची कल्पना यावी. मोठ्या कंपन्यांनी माणसे आणली, पगार वाढवले, पण त्या मानाने घरे बांधली गेली नाहीत. शिवाय 1978 च्या एका कायद्यामुळे जुन्या मालकाच्या घराची घरपट्टीसाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढत नाही, मात्र घर विकले की नव्या मालकाला नव्या किमतीवर कर बसतो. त्यामुळे जुना माणूस घर सोडत नाही आणि नव्याला ते मिळत नाही.

शिक्षकांना सरकार निम्म्या किमतीत घर देते असे वाचल्याचे बाबा म्हणाले, ते खरे आहे. केंद्राच्या त्या योजनेत घर जाहीर किमतीच्या निम्म्यात मिळते आणि तीन वर्षे त्यात स्वतः राहण्याची अट असते. पण ती घरे सरकारने पुनरुज्जीवनासाठी ठरवलेल्या ठरावीक वस्त्यांतच असतात. माझ्या शाळेला जाता-येता येईल अशा अंतरात मला असे एकही सापडले नाही. दुसरा मार्ग भागीदारीचा. लँडेड नावाची कंपनी शिक्षकांनी आधी घालायच्या रकमेतील निम्म्यापर्यंत वाटा स्वतः घालते. घर विकताना तिचे पैसे परत द्यायचे आणि वर वाढलेल्या किमतीतील चौथाई हिस्साही. किंमत उतरली तर तोट्यातही तिचा वाटा असतो. 2017 मध्ये फेसबुकवाल्या झुकरबर्ग दांपत्याच्या चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या संस्थेने या कामासाठी 50 लाख डॉलर दिले होते. योजना मला प्रामाणिक वाटते, पण तिने फक्त उंबरठा ओलांडता येतो, हप्ता तर आपल्यालाच भरायचा असतो.

म्हणून आम्ही जिथे आहोत तिथेच राहायचे ठरवले आहे. आमची इमारत आमच्या हायस्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या सरकारी हायस्कुलांचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, स्वतःच्या जमिनीवर बांधली आहे. जमीन शाळेचीच असल्यामुळे तिची किंमत भाड्यात धरावी लागली नाही, आणि खरी बचत तिथे झाली. 2018 मध्ये इथल्या मतदारांनी 3 कोटी 30 लाख डॉलरच्या रोख्यांना मत दिले, म्हणजे त्यांची फेड आपल्या घरपट्टीतून करायला ते राजी झाले. 2022 मध्ये 122 घरे तयार झाली. एका शयनगृहाच्या घराचे भाडे सुरुवातीला 1,500 डॉलरच्या आसपास होते, बाहेर तेवढ्यात धड खोलीही मिळत नव्हती. सांता क्लारात शिक्षकांची अशी वसाहत 2002 पासून आहे. 2016 मध्ये राज्याने अशा घरांसाठी कायदा केला आणि 2024 पासून शाळांच्या जागेवर बांधायची वाट आणखी सोपी झाली. सगळीकडे स्वागतच झाले असे नाही. सॅन होजेच्या आल्माडेन भागात 2018 मध्ये रहिवाशांनी सह्या गोळा करून विरोध केला. आपल्या मुलांना शिकवणारा माणूस शेजारी नको, हे मला अजून समजलेले नाही.

आता तुम्हाला कधी न सांगितलेले सांगते. इथे येण्याआधी आम्ही ट्रेसीला राहत होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी पहाटे साडेचारला निघून आल्टामाँटची खिंड आणि खाडीवरचा पूल ओलांडत शाळेत पोचत असे, आणि परत निघायला साडेतीनच्या पुढे दहा मिनिटे उशीर झाला तरी घर गाठायला अडीच तास लागत, हे मी तुमच्यापासून लपवून ठेवले. त्याआधीच्या घरमालकाने एकदम भाडे वाढवल्यामुळे आम्ही तिकडे गेलो होतो. त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. बीजगणित त्याला जमत नव्हते आणि विचारायची लाजही वाटत होती. एका दुपारी तो वही उघडी धरून दाराशी उभा राहिला. मी खांद्याला पिशवी अडकवून, हातात गाडीची किल्ली घेऊन निघाले होते. "उद्या बघू या," असे मी म्हणाले. त्याने वही मिटली. नंतर तो कधीच आला नाही. त्या वहीच्या पानावर समीकरणाची एक बाजू लिहिलेली होती आणि बरोबरच्या चिन्हापुढची जागा कोरी होती. ती जागा मला अजून दिसते.

बाबा, तुमची जावळी तालुक्यातली पहिली शाळा आठवते का? तुम्ही किती वेळा सांगितले आहे की गावाने लोकवर्गणीतून शाळेमागे एक खोली बांधून दिली होती, शेणाने सारवलेली, कौलांतून पावसाळ्यात दोन ठिकाणी गळणारी. रात्री कंदिलाच्या उजेडात पोरे गणिते घेऊन यायची आणि आई त्यांना भाकरीचा तुकडा द्यायची. गावकऱ्यांनी ती खोली मास्तर गावात राहावा म्हणून बांधली होती. तुमची मालकी व्हावी, असा त्यांचाही हेतू नव्हता आणि तुमचाही. इथल्या लोकांनी कर सोसून 122 घरे बांधली, ती त्याच कामासाठी. आता मी शाळेपासून पंधरा मिनिटांवर आहे. मंगळवारी आणि गुरुवारी पाचपर्यंत वर्गात बसते, मुले येतात. खाली धुण्याच्या यंत्रांपाशी कधी रसायनशास्त्राचे सर भेटतात, कधी शाळेची बस चालवणाऱ्या बाई. कपडे फिरत असतात आणि आम्ही कुठला मुलगा मागे पडतो आहे, त्याचे बोलतो. तुमच्या नातीला सांभाळणारे घर याच मजल्यावर मिळाले आहे.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. हे घर कायमचे नाही. करारात पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे पुढच्या शिक्षकालाही संधी मिळावी. त्या मुदतीचा विचार करून मला कधी कधी रात्री झोप लागत नाही. पण वाचणाऱ्या भाड्यातून दरमहा काही रक्कम बाजूला पडते आहे, आणि मुदत संपेल तेव्हा जे काही करायचे ते आम्ही आमच्या कमाईतून करू. ती जमीन तुमच्या म्हातारपणाची आहे. तिथल्या हळदीच्या पैशांवर आईची औषधे येतात, हे मी विसरलेले नाही. उद्या तुम्हाला काही लागले आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव असले, तर इथे कोणत्याही घरात मला अन्न गोड लागणार नाही.

गिऱ्हाइकाला तुम्हीच नकार कळवा. अवघड वाटत असेल तर काकांना पुढे करा, मी त्यांच्याशी बोलते. विहिरीवरची मोटर दुरुस्त करायची राहिली आहे असे आई म्हणत होती; त्याचे पैसे या महिन्यात पाठवते. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की आम्ही तिघे येतो. तुमच्या नातीला हळदीची लागण बघायची आहे, तिच्यासाठी एक वाफा राखून ठेवा.

आपली आज्ञाधारक,
तुमची लेक