मुक्ताच्या पहिल्या कार्यक्रमासाठी, एडिसनहून

एडिसन, न्यू जर्सी
२ नोव्हेंबर

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मुक्ताच्या कथक क्लासचा वार्षिक कार्यक्रम डिसेंबरअखेर भावे नाट्यमंदिरात आहे आणि त्यातच वेदही कीबोर्ड वाजवणार आहे, हे दादाकडून कळलं. फार आनंद झाला. इथे पाच-सहा वर्षांच्या मुलांचीही रिसायटल्स, म्हणजे क्लासचे स्टेजवरचे कार्यक्रम, एवढी वेळेत आणि रडारड न होता कशी पार पडतात, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर ते अर्धवटच सांगून होतं, म्हणून सविस्तर लिहिते. दरवर्षी विंगेत मुलं सांभाळायला उभी असते, त्यामुळे काय कुठे बिघडतं ते जवळून बघायला मिळतं.

इथल्या चांगल्या शाळा एकच गोष्ट धरून चालतात: त्या दिवशी स्टेजवर मुलाला काहीही नवीन भेटता कामा नये. कपडे, जमीन, उजेड, आवाज, आत जायची आणि बाहेर यायची वाट, या सगळ्याशी मुलांची आधीच ओळख करून दिलेली असते. नाच वर्षभर बसलेलाच असतो. मुलं गडबडतात ती त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनी.

पोशाखापासून सुरुवात करते. इथल्या बॅले आणि टॅपच्या शाळांचं वर्ष सप्टेंबर ते जून असतं. मापं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच घेतात, पोशाख मार्च-एप्रिलपर्यंत हातात येतो आणि कार्यक्रम जूनमध्ये होतो. मधल्या महिन्यांत मूल वाढणार हे धरून माप सैल ठेवतात. छाती आणि कंबर यांच्यापेक्षा एका वेगळ्या मापाला इथे जास्त महत्त्व आहे: खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. हे माप कमी पडलं की पोशाख खांद्याला काचतो आणि मूल पूर्ण नाचभर तो ओढत राहतं. मुक्ताच्या चुडीदाराचं आसन याच नजरेने बघा. तिला मांडी घालून बसायला सांगा, मग दोन्ही हात वर करून उभी राहू दे. कुठे ताण आला तर शिलाई उसवायची ती आत्ताच उसवून घ्या.

पोशाख ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणणार असाल तर आदल्या दिवशी आणून भागणार नाही. एक दिवसाचं भाडं जास्त पडलं तरी चालेल, पण तो अंगावर घालून एकदा पूर्ण नाच झालाच पाहिजे. घेर किती खाली येतो ते नीट पाहा. तो घोट्याच्या वर राहिला पाहिजे, घुंगरू दिसले पाहिजेत. लांब घेर उभं राहिल्यावर सुंदर दिसतो, पण चक्कर, म्हणजे गिरकी, घेताना पायाच्या बोटात अडकतो. ओढणी खांद्यावर आणि कमरेला पिनांनी न अडकवता दोऱ्याने चार-चार टाके घाला. सेफ्टी पिन चक्करमध्ये उघडते. टाका तुटला तरी टोचत तरी नाही.

घुंगरू नवे घेऊ नका. क्लासमध्ये ती जेवढे बांधते तेवढेच त्या दिवशी. लहान मुलांना साधारण एका पायाला पंचवीस ते पन्नास घुंगरू असतात. एकदम जास्त बांधले की वजनाने पाय मागे पडतो आणि तत्कार, म्हणजे पायांनी धरलेला ठेका, लयीच्या मागे रेंगाळतो. दोरीतला प्रत्येक घुंगरू ओढून बघा, सैल लागला तर तिथली गाठ पुन्हा मारा. तुटलेला घुंगरू स्टेजवर पडला तर पुढच्या मुलीच्या तळव्यात घुसतो, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. बांधायचे ते पोशाख चढवल्यावर, चुडीदाराच्या चुण्या नीट खाली ओढून, घोट्याच्या हाडाच्या वर. नुसत्या पायावर सराव करून आयत्या वेळी कापडावर बांधले की चार मिनिटांत खाली घसरतात. शेवटची गाठ मारली की उरलेलं टोक वेढ्यांच्या आत खोचा. बांधून झाल्यावर तिला जागच्या जागी सोळा मात्रांचा तत्कार दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, करायला सांगा. घसरायचे असतील तर तेवढ्यात घसरतील.

अंबाडा इथे ज्या पद्धतीने घालतात तो खरोखर हलत नाही. केस किंचित ओले करून, जेल लावून घट्ट पोनी बांधायची. पोनीला पीळ देत ती बुडख्याभोवती चपटी गुंडाळायची, उंच करायची नाही. त्यावर केसांच्याच रंगाची बारीक जाळी दोनदा फिरवून चढवायची. मग केसांचे आकडे. आकडा आधी बाहेरच्या दिशेला धरून अंबाड्याची कड थोडी उचलायची, मग तो उलटा फिरवून डोक्याच्या केसांतून मध्याकडे सारायचा. नुसता वरून खुपसलेला आकडा काहीच धरत नाही. आठ ते दहा पुरतात. कडेच्या बारीक केसांना काळ्या पिना लावताना पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, पकड तिथे असते. गजरा कापडी घ्या. खऱ्या मोगऱ्याच्या पाकळ्या गळतात आणि पायाखाली निसरडं होतं. अळता आदल्या रात्रीच लावा. कार्यक्रमाच्या सकाळी लावलात तर पांढऱ्या चुडीदाराला लागल्याशिवाय राहणार नाही.

आता सरावाबद्दल, आणि हे मुक्ताला नाच शिकवणाऱ्या ताईंशी जरूर बोला. क्लासमध्ये मुली आरशाकडे तोंड करून नाचतात, किंवा ताईंकडे बघून. स्टेजवर आरसा नसतो आणि ताई विंगेत असतात. त्यामुळे इथे निदान तीन आठवडे आधी आरशावर पडदा टाकतात, किंवा सगळ्या वर्गाला उलट्या भिंतीकडे तोंड करायला लावतात. पहिल्या दिवशी गोंधळ होतो, डावं-उजवं चुकतं, शेजारणीकडे बघितलं जातं. दोन-तीन तासांत ते सुटतं. हा गोंधळ वर्गात व्हायला हवा, म्हणजे स्टेजवर होत नाही. घरीही मुक्ताला दररोज वेगळ्या खोलीत, वेगळ्या भिंतीकडे तोंड करून नाचू द्या. गच्चीत केला तर आणखी चांगलं.

गच्चीवरून आठवलं. नाट्यमंदिराच्या स्टेजची रुंदी आणि खोली फुटांत विचारून घ्या आणि तेवढा चौकोन खडूने गच्चीवर आखा. छोट्या खोलीत बसवलेला नाच मोठ्या स्टेजवर मध्यभागी गोळा होतो, मुली एकमेकींना धडकतात आणि बाजू रिकाम्या दिसतात. स्टेजवर बरोबर मध्यावर आणि दोन्ही बाजूंच्या मध्यांवर कापडी चिकटपट्टीच्या छोट्या खुणा करायला सांगा. खडूची खूण दुसऱ्या नाचापर्यंत पुसली जाते. प्रत्येकीला तिची खूण माहीत हवी, आणि ती तिने स्वतः स्टेजवर चालत जाऊन बघितलेली हवी.

इथे कार्यक्रमाआधी स्टेजवर दोन वेगवेगळ्या तालमी होतात. पहिलीत कपडे साधे. नुसतं कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, कुठून जायचं. दुसरी रंगीत तालीम: पूर्ण पोशाख, दिवे, ध्वनी, अगदी शेवटचा नमस्कारसुद्धा. तुमच्याकडे थिएटर एकच दिवस मिळत असेल तर सकाळचे दोन तास यासाठी राखून ठेवायला सांगा. नाच पूर्ण करायची गरज नाही. प्रत्येक गटाचा प्रवेश, पहिली आठ आवर्तनं (तालाचे फेरे) आणि निर्गमन एवढं पुरे. गोंधळ बहुतेक निर्गमनाला होतो: एक गट ज्या विंगेतून बाहेर पडतो त्याच विंगेत पुढचा गट उभा असतो. सगळ्यांनी एकाच बाजूने आत यायचं आणि दुसऱ्याच बाजूने बाहेर जायचं, मागच्या पडद्यामागून फिरून परत यायचं, हा नियम केला की निम्मी धावपळ संपते.

उजेड आणि काळोख हेही आधी दाखवा. समोरचे दिवे लागले की मुलांना प्रेक्षक दिसत नाहीत, समोर नुसता काळोख असतो, आणि विंगेत तर पायाखालचंही दिसत नाही. बरीच मुलं तिथेच थबकतात. घरी दिवे मालवून, समोर टॉर्च लावून तिला एकदा नाचायला सांगा. तिला गंमतच वाटेल.

ध्वनीचं एक महत्त्वाचं. स्पीकरचं तोंड प्रेक्षकांकडे असतं, त्यामुळे स्टेजवर मुलांना लेहरा, म्हणजे नाचाच्या साथीची फिरती धून, नीट ऐकूच येत नाही. साउंडवाल्याला स्टेजकडे तोंड केलेला एक स्पीकर वेगळा लावायला सांगा, आणि तालमीतच तो चालू करून घ्या. साथ प्रत्यक्ष तबल्या-पेटीची असेल तर क्लासमध्ये ज्या लयीत बसवलंय त्या लयीत मिनिटाला किती मात्रा होतात ते मोजून साथीदारांना लिहून द्या. ताई तोंडाने बोल म्हणतात त्या पढंतीबरोबर त्यांना दोन वेळा तरी बसू दे. वाजवणाऱ्याचा हात स्टेजवर आपोआप थोडा जलद होतो, आणि तिहाईला, म्हणजे शेवटी तीनदा येणाऱ्या बोलांना, मुलींचे पाय पोचत नाहीत. रेकॉर्ड लावणार असाल तर एक पेन ड्राइव्ह आणि त्याची एक प्रत, फाइलींना क्रमांक. मोबाइलवरून लावायची वेळ आली तर तो विमान मोडवर. मध्येच फोन वाजला की सगळं सभागृह ऐकतं.

मुक्ताला चुकल्यावर काय करायचं तेही शिकवा, नुसतं 'चुकू नकोस' म्हणू नका. हात विसरला, तोडा (बोलांचा बसवलेला तुकडा) सुटला, तर थांबायचं नाही. पाय तत्कारावर आणायचे आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की सगळ्यांबरोबर पुन्हा धरायचं. याचा वेगळा सराव करा: ती नाचत असताना तुम्ही मध्येच टाळी वाजवा, तिने हात सोडून तत्कार धरावा आणि पुढच्या समेवर परत नाचात यावं. चार-पाच दिवसांत जमतं.

वेदचंही हेच. त्याने तुकडा फक्त सुरुवातीपासून पाठ केला असेल तर मध्ये अडकल्यावर तो पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करेल. इथले पियानोचे शिक्षक तुकड्यात चार ठिकाणं ठरवतात आणि मुलाला कुठल्याही ठिकाणाहून सुरू करायला लावतात. त्याच्या वहीत त्या जागांवर १, २, ३, ४ लिहा आणि 'तीनपासून वाजव' असं रोज एकदा म्हणा. शक्यतो घरचाच कीबोर्ड न्या. दुसरा असेल तर तीन गोष्टी तपासा. ट्रान्सपोज, म्हणजे सूर वर-खाली सरकवायची सोय, शून्यावर आहे ना, नाहीतर तबल्याशी सूर जुळणार नाही. योग्य ध्वनी निवडलेला आहे ना. आणि पेडल असेल तर कीबोर्ड चालू करताना त्यावर पाय नको, बऱ्याच कीबोर्डांवर त्याने पेडल उलटं काम करायला लागतं. स्टूल असं हवं की बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीवर येईल. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. बसल्याबरोबर वाजवायचं नाही. हात मांडीवर, पहिली ओळ मनात म्हणायची, मग सुरू.

त्या दिवशी जेवण दीड-दोन तास आधी, हलकं, वरणभात पुरे. पोशाख चढवल्यावर फक्त पाणी. बाथरूम पोशाखाआधी. फोटो पोशाख झाल्याबरोबर, कार्यक्रमाआधीच काढून घ्या. नाच चालू असताना फ्लॅश नको.

आणि पहिल्या रांगेतून हात करून दाखवू नका, वहिनी. आईने कितीही मायेने केलं तरी मूल तिच्याकडे बघायला लागतं, मान खाली जाते आणि नाच तुटतो. तुम्ही आणि दादा मधल्या रांगेत बसा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून बदललेली बघायची आहे. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं आणि पाहुण्यांची वाट बघणं, यात सहा-सात वर्षांची मुलं मेकअप आणि घुंगरूंसकट दोन-दोन तास विंगेत बसतात. त्यांचे पाय गारठतात, भूक लागते, झोप येते, आणि मग ती स्टेजवर जातात. इथल्या मंडळाच्या गणपतीतही मी हे पाहिलंय. पालकांनी मिळून ताईंना सांगा: दिवा लावला की लगेच सगळ्यात लहान गट, सत्कार मध्यंतरानंतर. ताई हो म्हणतील, त्यांनाही मुलांची तेवढीच काळजी आहे.

ओळखीचं एक कुटुंब याच महिन्यात पुण्याला येतंय. त्यांच्याबरोबर काळ्या जाळ्यांची दोन पाकिटं, आकड्यांची डबी आणि चिकटपट्टीचं एक रीळ पाठवते. रीळ मोठं आहे, सगळ्या क्लासला पुरेल. वेदच्या कीबोर्डचा मॉडेल नंबर दादाला कळवायला सांगा, पेडल हवं असेल तर तेही त्यात घालते.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार. मुक्ता-वेदला गोड पापा.

तुमची,
वासंती