मित्रास पत्र : दामू, तू हुकमाचं पान झालास

स्विंडन,
रविवार, ९ ऑक्टोबर २०१६

प्रिय दामू,

चार महिने ना पत्र, ना फोन. कारण तुलाही माहीत आहे नि मलाही. ते खाली येईलच, आत्ता नको. माझी शुगर आटोक्यात, गुडघा जिथल्या तिथे. आरोग्य संपलं.

लिहायला बसलो ते व्यापारमंत्री लियम फॉक्समुळे. या आठवड्यात बर्मिंगहॅमला हुजूर पक्षाचं अधिवेशन झालं. तिथे हे गृहस्थ म्हणाले की ब्रिटनमध्ये राहणारे युरोपीय नागरिक म्हणजे युरोपीय संघ सोडायच्या वाटाघाटीतलं आपल्या हातातलं एक मुख्य पान आहे. म्हणजे तू! चवथीच्या रात्री ओसरीवर तीन पत्तीत बनियनसुद्धा हरणारा दामू, पोर्तुगीज पासपोर्टाच्या कृपेने एकदम हुकमाचं पान. आणि हे पान सध्या गोव्यात फोंड्याला उंडे खात बसलंय, म्हणून आधी कामाचं सांगतो.

तू गेलास मेच्या दुसऱ्या आठवड्यात. जानेवारीत तुला इथे पाच वर्षं पुरी होतात. पाच वर्षं सलग नोकरीत असलेल्या युरोपीय नागरिकाला कायम वास्तव्याचा हक्क आपोआप मिळतो, पण 'सलग'ची अट अशी की वर्षभरात सगळं मिळून सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहायचं नाही. मोज बोटांवर. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उलटला की गणती पुन्हा शून्यापासून. गंभीर आजारासारख्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंत सूट आहे, पण आजार आईचा असला तर ती लागते का, यावर अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा तिकीट स्वस्त पडेल. हक्क आपोआप मिळाला तरी कागद आपोआप मिळत नाही. त्याचा अर्ज ८५ पानांचा, फी ६५ पौंड. सगळी ८५ भरायची नसतात, नोकरदाराचे विभाग वेगळे आहेत. दर वर्षाचं पी-६० (पगार नि कराचा वार्षिक दाखला), राहत्या पत्त्याची बिलं, आणि देशाबाहेर गेल्या-आल्याची प्रत्येक तारीख. लोक अडकतात ते या तारखांत. पासपोर्टावर इथले शिक्के नसतात, चवथीला आपण किती तारखेला निघालो होतो ते कुणाला आठवतं? म्हणून जुने बोर्डिंग पास फेकू नकोस. पुढे नागरिकत्व हवं असेल तर हे कार्ड आधी हातात लागतं, गेल्या नोव्हेंबरपासून तसा नियमच झालाय.

अर्जाचं निभेल. मला घोर लागलाय तो वेगळाच : तुझं काय करायचं हे जे ठरवणार आहेत, त्यांना निवडलं कुणी?

२३ जूनच्या सार्वमताचा प्रश्न, ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की तो सोडावा, एका ओळीचा होता. सरकारच्या मूळ मसुद्यात उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं होतं. निवडणूक आयोग म्हणाला, याने कौल एका बाजूला झुकतो, 'राहावं' आणि 'सोडावं' असे दोन पर्याय छापा. छापले. एका ओळीची एवढी निगा, पण तिच्या खाली काय? २०१५ च्या त्या कायद्यात निकालानंतर काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या सार्वमताला अट होती, एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'हो' म्हटलं पाहिजे. २०११ ला मतदानपद्धतीवर सार्वमत झालं, त्याचा निकाल कायद्यानेच बंधनकारक होता. यंदा अटही नाही नि बंधनही नाही, नुसता सल्ला. १,७४,१०,७४२ जण म्हणाले सोडा, १,६१,४१,२४१ म्हणाले राहा. स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी राहा, लंडन साठाच्या आसपास राहा, आपलं स्विंडन ५४.७ टक्क्यांनी सोडा. आणि 'सोडा' निघालं तर काय, याची तयारी करू नका असं सरकारनेच खात्यांना बजावलं होतं. संसदेच्या समितीने जुलैत त्यावरून कान उपटले. मुहूर्त काढला, हॉल घेतला, आणि आचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही.

लोकांचं तू विचारशील. मतदानाच्या दिवशी अफवा उठली की केंद्रावरच्या पेन्सिलीची खूण गुप्तहेर खोडतात. म्हणून 'सोडा'वाले घरून बॉलपेन घेऊन गेले. निकालानंतर पुन्हा सार्वमत घ्या म्हणून संसदेच्या अर्जावर ४१ लाखांवर सह्या पडल्या. तो अर्ज मुळात निकालाआधी एका 'सोडा'वाल्यानेच टाकला होता, आपण हरणार असं गृहीत धरून! जिंकल्यावर बिचारा हरकत घेत फिरत होता. पोलिसांकडे जूनच्या उत्तरार्धात द्वेषातून झालेल्या ३,०७६ घटनांची नोंद झाली, आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्के जास्त. हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्राच्या दारावर रविवारी सकाळी शिव्या रंगवलेल्या सापडल्या. मग भली माणसं कोटाला सेफ्टी पिन लावून हिंडू लागली, म्हणजे 'माझ्यापासून तुला भीती नाही'. बांगडीत डझनभर पिना ओवून वावरणारी तुझी आत्या इथे असती तर चळवळीची अध्यक्ष झाली असती.

आता पक्षांकडे ये. पंतप्रधान कॅमेरॉन २४ च्या सकाळी राजीनामा देऊन मोकळे. हुजूर पक्षाची रीत अशी : खासदार मंगळवारी नि गुरुवारी मतं टाकतात, दर फेरीला तळाचा गळतो, दोन उरले की सुमारे दीड लाख सभासदांना टपालाने मतपत्रिका जातात. निकाल ९ सप्टेंबरला ठरलेला, आणि मत द्यायचं तर सभासदत्व तीन महिने जुनं हवं. म्हणजे ९ जूनच्या आधीचं. ३० जूनला सकाळी बोरिस जॉन्सनच्या प्रचाराची सूत्रं सांभाळणारे गोव्ह उठले नि म्हणाले, या माणसाच्याने नेतृत्व होणार नाही, मीच उभा राहतो. दुपारी बाराला अर्जांची मुदत संपत होती. जॉन्सननी स्वतःच्याच प्रचाराच्या शुभारंभात भाषणाच्या शेवटी सांगितलं की उमेदवार मी नाही. नारळ फोडायला माणसं जमवली नि नारळ पिशवीत घालून घरी! ५ जुलैच्या फेरीत थेरेसा मेबाई १६५, लेडसम ६६, गोव्ह ४८, क्रॅब ३४, फॉक्स १६. हो, हेच ते १६ मतांचे फॉक्स, जे आता तुला पान म्हणून खेळतायत. ७ जुलैला मे १९९, लेडसम ८४, गोव्ह ४६. मग लेडसमबाई मुलाखतीत आपण आई असल्याचं भांडवल करायला गेल्या, ओरड झाली, ११ ला माघार. १३ ला मे पंतप्रधान. दीड लाखांच्या मतपत्रिका टपालात पडल्याच नाहीत. ज्या 'सोडा'ला पावणेदोन कोटी मतं पडली, ते राबवणारी व्यक्ती १९९ जणांनी निवडली, आणि ती स्वतः 'राहा'च्या बाजूची.

मजूर पक्षाची गंमत उलटी. २८ जूनला खासदारांनी नेते कॉर्बिनवर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. कॉर्बिन म्हणाले, बरं मग? ते म्हणाले ते नियमाने बरोबर होतं. त्या ठरावाला पक्षाच्या घटनेत स्थानच नाही, नेता पाडायचा तर समोर उमेदवार उभा करावा लागतो आणि त्याला २० टक्के खासदारांचा पाठिंबा लागतो, म्हणजे ५१ सह्या. पेच इथे पडला : आहे त्या नेत्यालाही ५१ लागतात का? घटनेचं कलम दोन्हीकडून वाचता येत होतं. त्याला ५१ मिळणं शक्य नव्हतं, म्हणजे खरी निवडणूक त्या एका वाक्यात होती. १२ जुलैला कार्यकारिणीने गुप्त मतदान घेतलं, १८ विरुद्ध १४, नेत्याचं नाव आपोआप मतपत्रिकेवर. त्याच बैठकीत दुसरा ठराव : १२ जानेवारीनंतर सभासद झालेल्यांना मत नाही. ज्यांना हवंच असेल त्यांनी दोन दिवसांत २५ पौंड भरून समर्थक म्हणून नाव नोंदवावं. गेल्या वर्षी याचेच तीन पौंड होते. तरी १ लाख ८३ हजार जणांनी अर्ज केले. पाच नवे सभासद कोर्टात गेले, ८ ऑगस्टला जिंकले, १२ ला अपिलात हरले. २४ सप्टेंबरला लिव्हरपूलमध्ये निकाल लागला, कॉर्बिन ६१.८ टक्के. गेल्या वर्षी ५९.५ होते. पाडायला गेले नि दोन पायऱ्या वर चढवून आले.

तारखा पुन्हा बघ. ९ जून आणि १२ जानेवारी. दोन्ही २३ जूनच्या आधीच्या. निकाल ऐकून खडबडून जागा झालेला माणूस, इकडचा असो की तिकडचा, २४ तारखेला पक्षकचेरीत जाऊन पावती फाडून आला तरी त्या पावतीवर त्याला मत नव्हतं. २५ पौंडांची फट तेवढी उघडी. यादी कधी गोठवायची, हे ज्याच्या हातात त्याच्या हातात पक्ष. आपल्या देवस्थानाच्या महाजनांच्या यादीवरून तू चार वर्षं कोर्टात खेपा घातल्यास, तुला हे वेगळं सांगायला नको.

युकिपचं, म्हणजे 'सोडा'साठीच जन्मलेल्या पक्षाचं, मात्र काय सांगू. जिंकलेला पक्ष! नेते फराज ४ जुलैला 'काम झालं' म्हणून उतरले. वूल्फ नावाचा दमदार उमेदवार अर्ज १७ मिनिटं उशिरा पोचल्यामुळे बाद. डायन जेम्स निवडून आल्या नि १८ दिवसांत गेल्या. आयोगाकडच्या फॉर्मवर त्यांनी सहीशेजारी लॅटिनमध्ये 'दबावाखाली' असं लिहिलं होतं म्हणे. परवा गुरुवारी स्ट्रासबर्गला पक्षाच्याच बैठकीत बाचाबाची झाली नि वूल्फ इस्पितळात. फराज पुन्हा हंगामी नेते.

हे सगळं तुलाच लिहितोय, कारण ज्या घरात माडीवर 'गोमन्तक' नि खाली 'राष्ट्रमत' यायचा, तिथल्या माणसालाच कौलाचं पुढे काय होतं ते कळतं. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात अण्णा फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा; आत्या दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहा. तुझं कायमचं म्हणणं की मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला ती चूक, खुर्चीवर राहून कौल घेतला असता तर विलीनीकरण झालं असतं. मी तेव्हाही भांडलो नि आज तर जास्तच भांडेन. १६ जानेवारीला दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांनी हरले. आणि मार्चमध्ये त्याच गोव्याने विलीनीकरणवादी मगोपला तीसपैकी सोळा जागा देऊन बांदोडकरांना परत मुख्यमंत्री केलं. खुर्ची आधीच रिकामी होती म्हणून लोकांना दोन प्रश्न वेगळे ठेवता आले. कॅमेरॉन खुर्चीत बसून कौल मागत होते, मग निम्म्यांनी युरोपाऐवजी त्यांनाच उत्तर दिलं.

तू म्हणशील, तुलना लंगडी आहे. आहेच. दोन पानांचा अर्थ 'आहे तसंच चालू दे' असा होता, राबवायला काही उरलंच नाही. इथे जिंकलेल्या उत्तरालाच नकाशा नाही. मेबाई म्हणतात मार्चअखेरपर्यंत संघ सोडायचं कलम ५० लावू. ते संसदेला न विचारता लावता येतं का, याची सुनावणी येत्या गुरुवारी हायकोर्टात आहे.

आता ते. भारतीय पासपोर्टवाल्या मला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होतं. युरोपचा नागरिक असलेल्या तुला युरोपावरच्या प्रश्नावर मत नव्हतं. इथे नाही, नवा पासपोर्ट घेतल्यापासून गोव्यात नाही, हक्क काय तो लिस्बनचा, तोसुद्धा फुलाला मत देणाऱ्या अण्णांच्या पोर्तुगीज जन्मदाखल्यावर. तू म्हणालास, 'माझंही तूच दे.' मी कुठे दिलं ते तुला जूनमध्ये फोनवर कळलंच. 'करी हाउस वाचवा'चं पत्रक खिशात होतं, 'सोडा'वाल्या खासदार प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपची दारं लागली की आपल्याकडची माणसं येतील. भाच्याचा विचार केला. आता त्याच बर्मिंगहॅमच्या अधिवेशनात गृहमंत्री रडबाईंनी विद्यार्थ्यांचे व्हिसाच आवळायची नि कंपन्यांकडून परदेशी कामगारांचे आकडे मागायची भाषा केली. भाचा नाशिकलाच आहे. तू जे बोललास ते बरोबर होतं, फक्त माझ्या आईला मध्ये आणायला नको होतंस.

आई कशी आहेत? खुबा नीट बसला का? मुक्ताचं बारावीचं वर्ष ना? वेलिंगकरांनी नवा पक्ष काढला म्हणे, तू कुठल्या बाजूला ते इथूनही सांगतो. परवा दसरा, आत्याला माझं सोनं दे.

पैसे मागवू नकोस इतक्यात. शुक्रवारी पहाटे पौंड काही मिनिटांत सहा टक्के आपटला नि बराचसा सावरला तरी पुरता नाही. तिकीट मात्र ५ नोव्हेंबरच्या आतलं काढ, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस.

तुझा,
विश्या

ता. क. बुटाच्या खोक्यात २०१३-१४ चं पी-६० नाही, बाकी सगळी आहेत. तू त्या वर्षी गोदाम बदललं होतंस, तेव्हा करवर्षाच्या अखेरीस ज्याच्याकडे होतास त्या मालकाला लिहून नक्कल मागव. नाही म्हणाला तर त्या वर्षाच्या पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या लागतील. त्या आईंच्या कपाटात, रेशन कार्डाच्या पिशवीत बघ.