सगळे चिनी सारखे नाहीत

संपादक महोदय,
अमेरिकी माणूस व्यक्तिवादी आणि चिनी समूहवादी, असे सरसकट लिहिणे थांबायला हवे. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण चीनच्या भातपट्ट्यातले विद्यार्थी उत्तरेच्या गहूपट्ट्यातल्यांपेक्षा अधिक समूहनिष्ठ आढळले. भाताला पाणी वाटून घ्यावे लागते, लावणीला शेजाऱ्यांचे हात लागतात, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. कोकणात तो कुणाला समजावून सांगायला नको. शिवाय वृद्ध आईवडिलांना वरचेवर भेटा, असा कायदा चीनला २०१३ पासून लागू करावा लागला! उलट ‘व्यक्तिवादी’ अमेरिकेत अग्निशमन दलांतले बहुसंख्य जवान स्वयंसेवक आहेत आणि असंख्य लहान गावांची सारी भिस्त त्यांच्यावरच आहे.

– एक वाचक, रत्नागिरी