ज्ञानेश्वरीच्या ऑनलाइन गटात बसण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

ज्ञानेश्वरीच्या ऑनलाइन गटात नाव घालू का, असं विचारलंयस. घाल. म्युनिकमध्ये बसून हे वाचायचं तर सोबत हवीच. पण एक पक्कं कर, वाचायचं तुलाच आहे. रविवारची बैठक ही आठवडाभर घरी वाचलेल्याची उजळणी असते. सोमवार ते शनिवार पोथी उघडलीच नाही, तर रविवारी छान बोलणारी माणसं ऐकायला मिळतील आणि आपली साधना चालली आहे असं उगीच वाटत राहील. असे गट बंद पडतात ते बहुतेक याच कारणाने. ऐकणारे वाढतात, वाचणारे कमी होतात.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे वारकरी जी प्रत वाचतात तिच्यात 9033 ओव्या आहेत. रोज 25 घेतल्या तर 362 दिवस, म्हणजे वर्षात ग्रंथ पुरा. पंचवीस ओव्या मोठ्याने सावकाश वाचायला पाचेक मिनिटं लागतात. दोनदा वाचल्या तर दहा. एवढा वेळ तुला ट्रेन पकडण्याआधीही मिळेल. सप्ताहातल्या पारायणाशी याची गल्लत करू नकोस. तिथे दिवसाला जवळजवळ 1300 ओव्या होतात, लय मिळते आणि अर्थ मागे राहतो. तेही करावं, पण ते वेगळं.

पंचवीस हा आकडा मात्र सरासरीचा. मोजून पंचविसाव्या ओवीवर थांबलीस तर हमखास फसशील, कारण माउली एका मुद्द्यासाठी चार-पाच दृष्टांत ओळीने देतात आणि मग 'तैसें' म्हणून ते मुद्द्याला आणून जोडतात. मध्येच पोथी मिटली की हातात नुसते दृष्टांत उरतात, ते कशासाठी आले ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तेव्हा दृष्टांतांची साखळी संपेल तिथे, जमलं तर गीतेच्या त्या श्लोकावरचं विवेचन संपेल तिथे थांब. एखाद्या दिवशी अठरा होतील, एखाद्या दिवशी चाळीस.

वाचायची रीत अशी. आधी ओवी मोठ्याने, अर्थाकडे न बघता. साडेतीन चरणांचा छंद आहे, पहिल्या तीन चरणांना यमक आणि शेवटचा आखूड. बाराव्या अध्यायाची सुरुवात म्हणून बघ: 'जय जय वो शुद्धे । उदारे प्रसिद्धे । अनवरत आनंदे । वर्षतिये ॥'. शेवटच्या चरणाला श्वास सोडायचा, घाई करायची नाही. मग दुसऱ्यांदा वाचायची आणि स्वतःच्या शब्दांत अर्थ लावून बघायचा, चुकला तरी चालेल. त्यानंतरच खालचा गद्य अर्थ. नजर आधी गद्याकडे गेली की ओवी ही गद्यावरची नक्षी होऊन बसते, आणि ती सवय लागली की सुटत नाही. शेवटी त्या दिवसाची एकच ओवी वहीत उतरवून घे. रविवारी बोलायचं ते त्या सहा-सातांतूनच.

सुरुवात पहिल्या अध्यायापासूनच व्हावी असा हट्ट धरू नकोस. बारावा घे. 247 ओव्या, दहा दिवसांत होतो, आणि भक्तीचा अध्याय असल्याने धरून ठेवतो. तो झाला की गट जिथे असेल तिथे सामील हो. तेराव्यात जवळजवळ 1170 ओव्या आहेत, म्हणजे दीड महिना. त्यात ज्ञानाची लक्षणं, एकट्या अहिंसेवरच केवढं तरी, आणि मग अज्ञानाची लक्षणं. पहिल्यांदा वाचणारे इथे गळतात, आणि अठराव्यात 1810 ओव्या बघून पुन्हा गळतात. हे आधी माहीत असलं की आपलंच काही बिनसलंय असं वाटत नाही. दिवस चुकले तर दुसऱ्या दिवशी पन्नास वाचू नकोस. राहिलेल्या ओव्यांचे आकडे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव आणि गटाबरोबर पुढे चल. दुप्पट वाचून भरपाई करणारी माणसं आठवड्याभरात सोडून देतात.

गटात शिरताना तीन-चार बैठका माइक बंद ठेवून नुसती ऐक. त्याआधी चालवणाऱ्यांना विचार, प्रत कुठली? हा प्रश्न क्षुल्लक नाही. 1909 साली प्रसिद्ध झालेल्या, इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या प्रतीत पाठही वेगळे आणि ओव्यांची संख्याही वेगळी, त्यामुळे 'सहाव्यातली दोनशेवी ओवी' म्हटलं की दोघं दोन ठिकाणी उघडतात. अभ्यासाला ती जवळ असू दे, गटात मात्र सगळ्यांची एकच प्रत हवी. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पोथी शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावून ठेवलं होतं, की यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं. व्हॉट्सॲपवर माउलींच्या नावाने फिरणाऱ्या ओव्या पाहिल्या की त्याची आठवण येते. अध्याय आणि ओवीचा आकडा दिलेला नसेल तर पुढे पाठवू नकोस. खरं तर बरा गट असे निरोप घेतच नाही. त्याच्या समूहावर फक्त बैठकीची वेळ आणि आठवड्याच्या ओव्या येतात, सुप्रभात नाही. आणि त्या समूहात तुझा नंबर सगळ्यांना दिसतो, हेही लक्षात ठेव.

चिंतनाला दहा-बारा माणसं पुष्कळ झाली. प्रत्येकाला दोन मिनिटं, बोलायचं ओवीला धरून, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही, कुणी मागितल्याशिवाय त्याचा अर्थ सुधारायचा नाही. हा नियम नसेल तर एकच गृहस्थ वीस मिनिटं खातो, आणि तो बहुधा निवृत्त आणि व्यासंगी असल्याने त्याला कुणी अडवत नाही. मोफत झूमची बैठक 40 मिनिटांत तुटते. तीन मिनिटं शांत बसणं, आठ मिनिटं वाचन, बारा जणांची चोवीस मिनिटं, एवढ्यातच 35 झाली. कुणी थोडं लांबवलं की नऊ ओव्यांचं पसायदान अर्ध्यावर जातं. सगळ्यांनी मिळून खात्याचे पैसे भरलेले बरे.

सत्तावीस अभंगांचा हरिपाठ ऑनलाइन म्हणणार असाल तर सगळे माइक उघडे ठेवून म्हणू नका. आवाज पोचायला प्रत्येकाकडे थोडा-थोडा वेगळा उशीर लागतो, त्यामुळे टाळ कधीच जुळत नाहीत. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरी माइक बंद करून मागे म्हणायचं. जो म्हणतो त्याने झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करायचं. नाहीतर टाळ आणि तंबोरा झूमला गोंगाट वाटतो आणि तो गाळून टाकतो. वाचन रेकॉर्ड करायला हरकत नाही. चिंतन रेकॉर्ड करू नये, कारण लाल ठिपका दिसला की लोक मनातलं बोलत नाहीत, प्रवचन देतात.

आता सावध राहायच्या गोष्टी. सहाव्यात कुंडलिनीचं वर्णन आहे, ते अद्भुत आहे, वाच. पण त्यावरून श्वास कोंडण्याचे प्रयोग कुणी पडद्यावरून शिकवू लागलं तर तिथून ऊठ. मला प्रकाश दिसला, मला नाद ऐकू आला, अशी चढाओढ सुरू झाली तरी ऊठ. झोप उडणं, जीव घाबरणं यावर गट हे औषध नाही, त्याला डॉक्टर आहेत. झूमच्या खर्चाचा वाटा दे, पण दीक्षेचे, अनुग्रहाचे, 'विशेष सत्रा'चे पैसे मागितले तर समजून घे. जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, असं तुकोबांनी सांगून ठेवलंय. वारकऱ्यांच्या तुळशीच्या माळेचंही तसंच. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, एकादशी येते, वारी येते. ती समोरासमोर, विचार करून घ्यायची असते. वर्ष-दोन वर्षं बिनमाळेची वाचलीस तर काही बिघडत नाही, आणि घाई करणारा गट मला तरी आवडत नाही.

वेळेचं तेवढं सांग त्यांना. आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे सध्या तुझे संध्याकाळचे सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेली की तीच बैठक पाचला येईल. अमेरिकेतली मंडळी असतील तर त्यांचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, मार्चमध्येही तुमच्या आधीच. त्या मधल्या आठवड्यांत निम्मी माणसं तासभर चुकतात. वेळ भारतीय घड्याळाने ठरवा आणि बदलाच्या आधीच्या बैठकीत प्रत्येकाने आपली स्थानिक वेळ मोठ्याने सांगा. पोथी जाडजूड आहे, पोस्टाने पाठवण्यापेक्षा कुणी येणार असेल तर कळव, त्यांच्या सामानात देते.

तुझी,
आई