तुझ्या जीटी ८६ च्या चाकांविषयी

श्टुटगार्ट,
१६ मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तू घेतलेली टोयोटा जीटी ८६ सुस्थितीत आहे आणि मागच्या मालकाने तिच्यात काहीही बदल केलेले नाहीत, हे वाचून फार आनंद झाला. आता तिला १८ इंची, साडेआठ इंच रुंद, ईटी ४५ ची (ईटी म्हणजे ऑफसेट, त्याचा हिशेब पुढे येतोच) चाके घ्यावीत आणि त्यांवर २२५/४० आर १८ टायर चढवावेत की २३५/४० आर १८, असे तू विचारले आहेस. (या मापात पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के कडेची उंची, आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास.) मला वाटते, तू रिम आधी ठरवलीस आणि टायर नंतर शोधतो आहेस. क्रम याच्या उलट असायला हवा. रस्त्याला टेकतो तो टायर. त्याचा बाहेरचा व्यास आणि रुंदी किती असावी हे गाडीच्या प्रकृतीवरून ठरवावे, आणि मग त्या टायरला शोभेल अशी रिम शोधावी.

गाडीची प्रकृती म्हणजे काय, ते आधी सांगतो. मुख्य अभियंता तेत्सुया तादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गाडी मुद्दाम मध्यम पकडीच्या, अरुंद टायरवर उभी केली. २१५/४५ आर १७ या मापाचे मिशेलिन प्रायमसी एचपी हे टायर स्पोर्ट्स कारचे नव्हेतच; तोच टायर प्रिअस या टोयोटाच्या साध्या हायब्रिड गाडीलाही काही बाजारांत मिळत असे, यावरून त्या वेळी पुष्कळ टीका झाली. पण हेतू स्वच्छ होता. साडेबाराशे किलोंच्या आसपास वजन, २०० अश्वशक्ती आणि २०५ न्यूटन-मीटर टॉर्क एवढ्या बळावर, रस्त्यावरच्या सामान्य वेगातही, गाडी पकडीच्या सीमेपर्यंत जावी आणि ती सीमा चालकाला हळूहळू, सूचना देत कळावी, असे त्यांना हवे होते. मला हा विचार मनापासून पटतो. म्हणून टायर बदलताना पकड थोडी वाढली तरी चालेल, पण ती सूचना हरवता कामा नये, एवढे एकच पथ्य मी पाळतो.

आता व्यास पाहू. मूळ टायरच्या कडेची उंची २१५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर. ती दुप्पट करून १७ इंचांत, म्हणजे ४३१.८ मध्ये मिळवली की बाहेरचा व्यास ६२५ मिलिमीटर येतो. याच रीतीने २२५/४० आर १८ चा व्यास ६३७ येतो, म्हणजे १.९ टक्के जास्त. आणि २३५/४० आर १८ चा ६४५, म्हणजे ३.२ टक्के जास्त. हा दुसरा पर्याय तू सोडूनच दे. युरोपीय नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवलेले चालते, कमी दाखवलेले मुळीच चालत नाही, आणि मोठ्या व्यासाचा टायर ही राखीव जागा खाऊन टाकतो. काटा १०० वर असताना गाडी पूर्वी ज्या वेगाने धावत होती, त्याहून ती तीन किलोमीटर अधिक वेगाने धावेल.

त्याहूनही मला जास्त खटकते ती गोष्ट गिअरची आहे, जिच्याकडे चाके घेणारे सहसा पाहत नाहीत. तुझ्या मॅन्युअल गाडीचे अंतिम गुणोत्तर, म्हणजे गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना लागणारे शेवटचे गिअर-गुणोत्तर, ४.१ आहे. व्यास १.९ टक्क्यांनी वाढला की ते जणू ४.०२ होते, म्हणजे प्रत्येक गिअर किंचित लांब पडतो. या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनाचा टॉर्क मिनिटाला साधारण साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान खाली बसतो, हे तुला एव्हाना जाणवले असेलच. ब्लॅक फॉरेस्टच्या चढावर दुसऱ्या गिअरच्या वळणातून बाहेर पडताना नेमक्या याच पट्ट्यात गाडी रेंगाळते. तिथे आणखी लांब गिअर देणे म्हणजे गाडीच्या दुखऱ्या जागीच ओझे टाकणे होय. २२५/४० आर १८ हे माप या गाडीवर बरेच जण वापरतात आणि ते बसतेही, पण तू मला विचारलेस म्हणून सांगतो, माझी त्याला पसंती नाही.

रुंदीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की टायर रुंद केला की रस्त्याला टेकणारे क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढते. चाकावर सुमारे ३०० किलोंचा भार आणि आत २.४ बार हवा असेल, तर टेकणारे क्षेत्र १२५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते, जेमतेम तळहाताएवढे, आणि ते मुख्यतः भार व हवेचा दाब यांवर ठरते. रुंद टायरने बदलतो तो त्याचा आकार: तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. त्यामुळे वळणावर टायरचा प्रतिसाद लवकर मिळतो आणि भार अधिक बरा पेलला जातो, हे खरे. पण साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायरला समोरचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो लवकर तरंगू लागतो. ताम्हिणी घाटातल्या आपल्या जुलै महिन्यातल्या फेऱ्या तुला आठवत असतील. तिथे वेग कमी असे. इथे ऑटोबानवर पावसात ताशी १२० ने जाताना हलक्या गाडीखाली २४५ रुंदीचे, निम्मे झिजलेले टायर असावेत, अशी माझी इच्छा नाही. कायद्याने ट्रेडची, म्हणजे टायरवरच्या खाचांची, खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण उन्हाळी टायर मी ३ मिलिमीटरवर बदलतो.

प्रत्येक मापाला रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. २१५/४५ ला ७ ते ८ इंच, २२५/४५ ला ७ ते साडेआठ, आणि २४५/४० ला ८ ते साडेनऊ. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची पद्धत काही लोकांना देखणी वाटते. त्यात कड ताठ होते, रिमची धार उघडी पडते आणि खड्ड्यात मार थेट धातूला बसतो. उलट फार अरुंद रिमवर रुंद टायर फुगल्यासारखा बसतो आणि वळणावर त्याची कड लोळते. मर्यादेच्या मध्याच्या जवळ राहणे उत्तम.

ऑफसेटचा हिशेब मात्र तू स्वतः कागदावर मांडून पाहावास, कारण खरी अडचण तिथेच आहे. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर. मूळ रिम ७ इंच, ईटी ४८ ची आहे. तिची निम्मी रुंदी ८८.९, त्यात ४८ मिळवले की आतली बाजू १३६.९ आणि वजा केले की बाहेरची बाजू ४०.९. तू पाहिलेल्या साडेआठ इंची, ईटी ४५ च्या रिमचा हाच हिशेब केला, तर ती आत १६ आणि बाहेर २२ मिलिमीटर जास्त सरकते. आतल्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ, मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे सस्पेन्शनचा खांब, उभा आहे, आणि बाहेर मडगार्डची कड. आठ इंची, ईटी ४५ ची रिम घेतलीस तर हेच आकडे १० आणि १६ होतात, आणि दोन्हीकडे श्वास घेण्याइतकी जागा राहते. केवळ चाक मडगार्डच्या रेषेत दिसावे म्हणून ईटी ३५ घेणारेही आहेत. त्यात चाकाची मध्यरेषा १३ मिलिमीटर बाहेर जाते, स्टिअरिंगची मूळ भूमिती बिघडते, आणि खराब रस्त्यावर ब्रेक लावताना स्टिअरिंग हातातून ओढले जाते. या गाडीचे स्टिअरिंग हा तिचा सर्वांत मोठा गुण असताना तो असा घालवू नये. आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने कमी-जास्त रुंद असतात, म्हणून हिशेबात थोडी मोकळीक ठेव.

पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर लावण्याचा विचार तू पत्रात ओझरता केला आहेस. तो इथेच थांबव. मागचे टायर रुंद केले की गाडी वळणावर पुढून बाहेर जाऊ लागते, चाके आलटून-पालटून लावता येत नाहीत, आणि एवढ्या टॉर्कला त्याची गरजही नाही.

पीसीडी ५×१०० (१०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच नट) आणि रिमचे मधले भोक ५६.१ मिलिमीटर आहे. बाजारातल्या रिमचे भोक बहुधा मोठे असते, तेव्हा नेमक्या मापाची सेंटरिंग रिंग लागेलच, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरेल. नट एम १२×१.२५ चे, त्यांची बैठक रिमच्या बैठकीशी जुळणारी असावी, आणि ते टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळावेत. मूळ टायरचा भारांक ८७ आहे, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. त्याखाली जाऊ नये. टायर किती वेग सोसतो ते सांगणारे अक्षर डब्ल्यू किंवा वाय घ्यावे.

वजनाबद्दलही लिहायला हवे. रिमचे वजन जाहिरातीवरून न घेता दुकानात काट्यावर ठेवून पाहा. स्प्रिंगखालचे आणि त्यातही फिरणारे वजन एका चाकाला दोन किलोंनी कमी झाले, तरी उंचसखल रस्त्यावर चाक जमिनीला अधिक चिकटून राहते आणि हे इंजिन अधिक चटकन वेग घेते. १८ इंची साधी ओतीव रिम बहुधा मूळच्या १७ इंचीपेक्षा जड भरते. फ्लो-फॉर्म केलेली (ओतल्यावर दाबून पातळ व हलकी केलेली) १७ इंची रिम मिळाली, तर दिसण्यात थोडे कमी आणि चालवण्यात पुष्कळ जास्त मिळेल.

तेव्हा माझा सल्ला असा: १७ इंची, आठ इंच रुंद, ईटी ४५ च्या आसपासची हलकी रिम घे आणि तिच्यावर चांगल्या दर्जाचे २२५/४५ आर १७ उन्हाळी टायर लाव. व्यास ६३४ येतो, म्हणजे १.४ टक्के जास्त. हे मी चालवून घेतो, कारण कडेची १०१ मिलिमीटर उंची खड्डे आणि फुटपाथच्या कडा सोसते आणि टायरची सूचना स्पष्ट मिळते. फक्त सर्किटसाठी हवे असते, तर मी २४५/४० आर १७ म्हटले असते. त्याचा व्यास ६२८, जवळजवळ मूळचाच. मूळ रिमवर २१५/४५ चे हिवाळी टायर बसव, डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेले. ते माप नोंदणीपत्रात आहेच, त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. आणि तुझे मन १८ इंचांवरच बसले असेल, तर पुढच्या पिढीच्या जीआर ८६ ची साडेसात इंची, ईटी ४८ ची रिम शोध. तिच्यावरचा मूळ २१५/४० आर १८ हा टायर ६२९ व्यासाचा आहे, तो तुझ्या गाडीच्या मापाला फार जवळचा आहे.

कोणतीही रिम घेतलीस तरी पैसे देण्याआधी तिच्या कागदाची पाने मागून घे. आ-बे-ए (सर्वसाधारण मंजुरीपत्र) असो की टाइलेगुटाख्टन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल), त्यात जीटी ८६ चे नाव, तू घेणार तेच टायरचे माप आणि त्या मापापुढच्या अटी, तिन्ही असायला हवीत. वरवरच्या यादीत गाडीचे नाव दिसते, आणि अटींच्या बारीक अक्षरांत मडगार्डची कड आत वळवण्याची सूचना असते. तपासणीत चाक ठोकळ्यावर चढवून सस्पेन्शन दाबतात, स्टिअरिंग शेवटापर्यंत फिरवतात, आणि मध्यापासून पुढे ३० व मागे ५० अंशांपर्यंत टायर वरून झाकलेला आहे का हे बघतात. कागदाशिवाय चाके बदलली तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उभा राहतो.

नोंदणीपत्राच्या पहिल्या भागातील ८.१, ८.२ (आसांवरचा भार), १५.१ आणि १५.२ (टायरचे माप) या रकान्यांचा आणि विक्रेत्याने पाठवलेल्या अटींच्या पानाचा फोटो मला पाठव. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. फोनवर बसून एकेक अट वाचून काढू, आणि तोवर त्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मंदार